१३५व्या नंबरचा पोरगा

आमच्या घरात ९७ नंबरच्या जर्सीला कुणी हात लावायचा नाही, असा लेकाचा दंडक आहे. शनिवारी पहाटे सहाला रिंकवर त्याच्या स्केट्सच्या नाड्या आवळताना माझी बोटं बधिर होतात, पण त्याच्या अंगात जर्सी तीच. आमच्या मिनेसोटा वाइल्ड या आइस हॉकी संघातल्या रशियन किरिल काप्रिझोव्हची.

ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा, विषय निघाला की रिंकवर हमखास कानावर येतं, "रशियन आहे, जरा जपून." मला हे मनापासून खटकतं. २०१५च्या ड्राफ्टमध्ये काप्रिझोव्हच्या आधी १३४ नावं पुकारली गेली. पाचवी फेरी! त्याच पोराने २०१८च्या ऑलिंपिक फायनलमध्ये ओव्हरटाइमला सुवर्णपदकाचा गोल मारला. मॉस्कोतला करार पुरा करून २०२० मध्ये वाइल्डशी करार केला, इथल्या पहिल्याच सामन्यात पुन्हा ओव्हरटाइमचा गोल, आणि त्या सीझनचा सर्वोत्तम नवोदितही तोच. आज इथे गाजणारे बाकीचे रशियनही असेच मागून आले: ड्राफ्टमध्ये कुचेरोव्ह ५८वा होता, शेस्टरकिन ११८वा.

धोका अजिबात नसतो असं नाही. रशियन गोलकीपर फेडोटोव्हचं आठवलं की अजून गलबलतं. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाशी करार झाला आणि इकडे यायच्या आतच त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये पकडून लष्करी सेवेसाठी पार उत्तरेला धाडलं. त्याच वर्षी रशियन संघांवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, त्यामुळे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटना ही पोरं प्रत्यक्ष खेळताना बघणंही अवघड झालं.

पण मग त्या एकेका पोराची नीट चौकशी करा ना! तिकडचा करार कधी संपतो, घरच्यांचं काय म्हणणं आहे, त्याला स्वतःला यायचंय का? मिचकोव्ह या रशियन पोराचा तिकडचा करार २०२६पर्यंतचा होता. फिलाडेल्फियाने तरी त्याला २०२३ मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं. तो दोन वर्षं आधीच आला आणि पहिल्याच सीझनमध्ये २६ गोल करून मोकळा झाला.

मला हे इतकं का लागतं, ते इकडच्या आपल्या माणसांना कळेल. ग्रीन कार्डची रांग जन्माच्या देशावरून लागते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा, माझ्यानंतर आलेला सहकारी केव्हाच पुढे गेला. मी तेरा वर्षं तिथेच उभा आहे. माझं काम कसं आहे, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही.

परवा लेकाने गाडीत विचारलं, "बाबा, किरिलच्या आधीचे ते १३४ जण कोण होते?" पहिली सहा-सात नावं मी सांगितली. पुढची काही केल्या आठवेनात.