तार त्यांची होती

आज सकाळी सातला भाचीचा फोन. एवढ्या सकाळी ती कधी करत नाही. "आत्या, मी फेसबुकवरचं सगळं मिटवून टाकलं," एवढं बोलली आणि रडायलाच लागली. म्हटलं, अगं काऊन रडून राहिली, झालं काय ते तर सांग.

झालं ते असं. ती एका सरकारी ऑफिसात नोकरीला आहे. कोणत्या ते लिहीत नाही, तिचं नावही लिहीत नाही, उद्या हीच पोस्ट छापून कुणी तिच्या टेबलावर ठेवायचं. तिचं घर नागपुरातच, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरात शिरली. तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. अंधारात तिनं सासूला डायनिंग टेबलावर बसवलं आणि लेकीला खांद्यावर घेऊन उजाडेपर्यंत उभी राहिली. तेव्हापासून पावसाचा आवाज वाढला की तिला झोप लागत नाही. परवा रात्री पाऊस झाला आणि तिनं सहा ओळी लिहिल्या. भिंतीची ओल अजून गेली नाही, मागच्या नाल्याची भिंत अजून अर्धीच आहे, आणखी किती रात्री अशा जागून काढायच्या. बस. कुणाचं नाव नाही, पक्ष नाही, वावगा शब्द नाही. आणि पोस्टही फक्त मित्रयादीतल्यांना दिसेल अशी.

काल तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिच्याच पोस्टची प्रिंट होती. "हे तुमचंच न?" कोपऱ्यात प्रोफाइलचा गोल फोटो, त्यात तिची लेक हसतेय, आणि त्या फोटोला लागून पेनानं केलेली बरोबरची खूण. ती खूण पोरीच्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. मग २८ जुलै २०२५ चा शासनाचा आदेश दाखवला, कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही तो. पोस्ट काढा आणि लेखी खुलासा द्या. घरामागचा नाला हे धोरण कधीपासून झालं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. माझीही त्या वयात झाली नसती.

तोवर मी शांत होते, खरंच. दुपारी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव न घेता हे टाकलं, तर एका नातेवाइकानं लिहिलं, "लपवायसारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" त्याच्यावर अकरा अंगठे. अकरा! त्यातले चार जण माझ्या बाबांच्या मांडीवर खेळलेले. म्हणून हे लिहायला बसले.

माझे बाबा तार ऑफिसात होते. टेलिग्राफिस्ट. जेवताना उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर आपोआप टकटक करायचं, आई रागवायची. अर्ध्या शहराचं सुखदुःख त्या बोटातून गेलं असेल. आम्ही नागपूरच्या महाल भागात एका वाड्यात राहायचो. १९७९ ची गोष्ट, मी तिसरीत होते. समोरच्या काकूंचा मोठा मुलगा भिलाईला नोकरीला होता. एका दुपारी बाबा ड्यूटी संपवून आले, तेव्हा काकू ओट्यावर सुपात डाळ निवडत होत्या. "आज लवकर आले भाऊजी?" त्यांनी विचारलं. "हो वहिनी," म्हणाले आणि आत आले. पाणी घेतलं नाही, चप्पल काढली नाही. उंबरठ्याच्या आत भिंतीला टेकून बसून राहिले. आईनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. उत्तर नाही. तासाभरानं तारवाल्याच्या सायकलची घंटी वाजली आणि काकूंच्या दारात सगळ्यांच्या आधी बाबा पोहोचले होते. ती तार त्यांनी स्वतः उतरवून घेतली होती.

आई कितीतरी दिवस त्यांच्याशी नीट बोलली नाही. तुम्हाला माहीत होतं न, मग आल्या आल्या काऊन नाही सांगितलं? बाबांचं एकच, "तार त्यांची होती. माझी नव्हती."

आता मला सांगा, काकूंकडे लपवायसारखं काय होतं? काहीच नाही. तासाभरात ती बातमी साऱ्या वाड्याला कळणारच होती, कळलीही. तरी तो एक तास बाबा चप्पल घालून भिंतीशी बसले, कारण ज्याची बातमी त्याच्या हातात आधी पडली पाहिजे. मग तो रडेल, सांगेल, दाबून ठेवेल, त्याची मर्जी. माझं म्हणणं एवढंच आहे. ही साधी गोष्ट आमच्या घरात शाळा न शिकलेल्या आजीला कळत होती, आणि आज इंजिनिअर झालेल्या पोरांना समजावून सांगावी लागते.

बाबा भाबडे नव्हते. सरकार तार वाचू शकतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. १८८५ चा तार कायदा त्यांना जवळजवळ पाठ होता. त्याच्या पाचव्या कलमात सार्वजनिक सुरक्षेसाठी संदेश अडवायची मुभा सरकारला होती. पण त्याच कायद्यात हेही होतं की तारेतला मजकूर कर्मचाऱ्यानं बाहेर फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. ज्याला कळतं तोच बांधलेला. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं फोन ऐकण्याबद्दलही हेच सांगितलं की गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, त्याला मुदत हवी, वर तपासणारी समिती हवी. माझ्या भाचीची पोस्ट केबिनपर्यंत पोहोचली त्यावर कुणाची सही होती?

कुणी म्हणेल, स्क्रीनशॉट सरकारनं काढला नाही, तिच्या यादीतल्याच कुणीतरी काढला. मान्य. तेच तर जास्त जिव्हारी लागलं. आमच्या दोघींच्या कॉमन यादीत चाळीसेक माणसं आहेत, म्हणजे तो किंवा ती हे आत्ता वाचतही असेल. वाच. तुझ्या हातात एका घाबरलेल्या आईची रात्र होती आणि तू ती साहेबाला नेऊन दिलीस.

आणि पोलिसांनी काहीच बघू नये असं मी म्हणत नाही. १७ मार्च २०२५ ची रात्र मी विसरले नाही. माझ्याच महालात दगडफेक, जाळपोळ, मग कर्फ्यू, आणि फोनवर एकामागून एक अफवा. त्या अफवा पसरवणाऱ्यांना शोधलं ते बरोबरच केलं. पण त्या रात्रीची आग आणि नाल्याची ओल एकाच मापानं मोजणार का तुम्ही?

अंगठेवाल्यांना वाटतं, हे एका खडूस साहेबाचं प्रकरण आहे. पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२, मुंबई बंदवर एका मुलीनं चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं लाइक केलं, दोघींना अटक. नुसत्या लाइकसाठी अटक! त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं, तोवर त्या पोरींनी काय काय भोगलं असेल. २०१८ मध्ये केंद्राला प्रत्येक जिल्ह्यात माणसं बसवून समाजमाध्यमांवर नजर ठेवणारं केंद्र उभारायचं होतं. सुप्रीम कोर्टानं विचारलं, हे पाळत ठेवणारं राज्य होणार का, तेव्हा कुठे ते मागे घेतलं. त्याच वर्षी २० डिसेंबरला दहा यंत्रणांना कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती तपासायचे अधिकार देणारा आदेश निघाला. २०२३ मध्ये खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा आला, तर त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट द्यायची सोय. वर माहिती अधिकाराचं कलमही त्याच कायद्यानं बदललं, म्हणजे आपण त्यांच्याबद्दल विचारायला गेलो तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून दार बंद. माझ्या भाचीनं काय लिहिलं ते त्यांना कळणार. ते कुणी नेऊन दिलं, ते मात्र तिला कधीच कळणार नाही.

बाबा एका माणसाचं नाव फार आदरानं घ्यायचे, ग्यानी झैलसिंग. १९८६ मध्ये लोकांची टपालं उघडायची सरकारची मुभा वाढवणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं आणि राष्ट्रपतींनी त्यावर सहीच केली नाही. तसंच ठेवून दिलं. बाबा म्हणायचे, त्या माणसानं तार ऑफिसाची लाज राखली. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात टपाल अडवून उघडायची मुभा पुन्हा ऐसपैस लिहिली गेली, आणि आपल्या गावात त्यावर चहाच्या टपरीवरही कुणी बोललं नाही. मीही नाही बोलले. माझीही चूकच.

लिहिता लिहिता राग उतरला. आता नुसतं वाईट वाटून राहिलं.

१४ जुलै २०१३, तारसेवेचा शेवटचा दिवस. महिनाभर आधीच अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या स्नोडेननं जगाला सांगितलं होतं की अमेरिकेचं सरकार फेसबुक-गूगलमधली माणसांची माहिती वाचतं. बाबांनी ती बातमी पेपरात दोनदा वाचली आणि विचारलं, "वाचणाऱ्यांना शपथ दिली आहे का ग?" त्या दिवशी भाची, तेव्हा दहावीत होती, त्यांचा हात धरून त्यांना तार ऑफिसात घेऊन गेली. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेला माणूस पहिल्यांदा बाहेरच्या रांगेत उभा राहिला. आईच्या नावानं तार केली. काय लिहिलं ते भाचीला दिसू नये म्हणून फॉर्मवर डावा हात आडवा धरला होता. तिनं नेमका तेव्हाच फोटो काढला.

बाबा २०१६ ला गेले. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका करणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. बाबांना हे कळायला हवं होतं, असं मला दर ऑगस्टात वाटतं.

तो फोटो भाचीच्या फेसबुकवर होता, फक्त तिथेच. तेव्हाचा फोन कधीच हरवला. काल रात्री अकरा ते तीन ती एकेक पोस्ट मिटवत बसली होती, नाल्याची, लेकीच्या बारशाची, संत्र्याच्या बर्फीची, आणि त्यातच ही. मी म्हटलं, अगं त्यात आबांचं काय होतं? म्हणाली, "माहीत नाही जी आत्या. कोणतं चालते न कोणतं नाही, ते आता मला कळूनच नाही राहिलं."

मिटवलेलं तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतं म्हणे, परत काढता येतं. ती तयार नाही. उद्या रविवार आहे. मी सकाळीच तिच्याकडे जाते, दोघी मिळून तो एक फोटो बाहेर काढतो आणि सीताबर्डीवर जाऊन कागदावर छापून घेतो. इथे टाकणार नाही. ज्यांना बाबांना पाहायचं असेल त्यांनी घरी या.