मसाला नूडल

भाच्याने गुलाबी घोड्यासकट माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्याला चार दिवस झाले. वहिनी अजून विचारताहेत, "भावजी, परत विमानानेच येणार ना?" म्हणून एकदाचं सांगूनच टाकतो.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निघताना भाचा म्हणाला होता, "मामा, नूडल घ्या हं, झऱ्यावर लागेल." सगळं आयुष्य डोंबिवलीत काढलेला माणूस नूडल म्हटल्यावर काय घेईल? मी दोन मिनिटांवाल्या मसाला नूडल्सची सहा पाकिटं घेतली. झऱ्याचं पाणी गरम, त्यात शिजवत असतील, असा माझा हिशेब.

स्टुअर्ट हायवेने मातारांका, म्हणजे झऱ्याचं गाव, सुमारे ४२० किलोमीटर. ताशी १३०ची परवानगी. वळण नाही, चहाची टपरी नाही. मधूनच रोड ट्रेन येते, म्हणजे एका ट्रकला जोडलेले तीन-चार ट्रेलर, लांबी ५३ मीटरपर्यंत. एकीला ओव्हरटेक करेपर्यंत आमच्या हिची अर्धी रामरक्षा झाली. रस्त्याकडेला माणसाएवढी वाळवीची वारुळं, आणि लोकांनी त्यांना टी-शर्ट, टोप्या चढवलेल्या. आपण नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहतो, त्यात निदान भाव असतो. इथे बनियन. एकाचा शर्ट तर माझ्यापेक्षा बरा होता.

तिथल्या बिटर स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्याला पोचलो. पाणी काचेसारखं, भोवती ताडाची झाडं. प्रवाहात तरंगत खाली जायचं, शिडीने वर यायचं, पायवाटेने मागे चालत जाऊन पुन्हा उतरायचं. दिवसभर हेच. मी काठाला धरून उभा. शेजारी कॅरव्हॅनवाले एक पांढऱ्या दाढीचे आजोबा, काखेत फोमचा लांब दांडा.

"नूडल कुठंय तुझं?"

"गाडीत. सहा आहेत."

"सहा! मग मला एक दे की. माझं फाटलंय."

मी मोठ्या मनाने म्हटलं, "घ्या ना. पण मसाला आहे."

"मसाला? तो कुठला रंग?"

"पिवळा."

प्रवाहाने त्यांना पुढे नेलं. दहा मिनिटांनी फेरी मारून परत. "लांबी किती?"

"उलगडलं तर बरंच लांब होतं. पण आधी उकळावं लागतं."

दाढी जागच्या जागी थांबली. "उकळतोस? का?"

"नाहीतर कडक लागतं."

पुन्हा वाहून गेले. भाचा दोन हातांच्या अंतरावर तरंगत सगळं ऐकत होता. त्या मेल्याने तोंड उघडायला हवं होतं की नको? तिसऱ्या फेरीला आजोबा एकटे आले नाहीत. मागे सहा-सात म्हातारे-म्हाताऱ्या, सगळ्यांना पिवळं नूडल बघायचं होतं. मग भाच्याने खुलासा केला, की इथे नूडल म्हणजे तरंगायला काखेत धरायचा तो फोमचा दांडा, आणि मामाचं मात्र खायचं. काय हसले! एक बाई तर शिडी चुकून पुढेच वाहत गेल्या. आजोबांनी दयेने नातीचा हवा भरलेला, शिंगवाला गुलाबी घोडा माझ्या काखेत कोंबला आणि मला ढकललं. पुढच्या वळणावर भाचा मोबाइल घेऊन उभा.

दोन शब्द सुनवायचे होते हो. पण इंग्रजीत माझा राग 'थँक्यू'च्या पुढे जात नाही. तेच म्हणालो. दोनदा.

आणि कशासाठी? पाणी ३४ अंश! अंगापेक्षा तीन अंश गार. याला म्हणे गरम पाण्याचा झरा. वज्रेश्वरीजवळ अकलोलीच्या कुंडात पाय घाला, आई आठवते. इथे नूडल्स दोन मिनिटं सोडा, दोन दिवस ठेवल्या तरी शिजल्या नसत्या. माझा हिशेब चुकला तो इथे, बाकी त्यात हसण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी आजोबा कॅरव्हॅनमधून पातेलं घेऊन आले. सहापैकी चार पाकिटं त्यांनीच संपवली. घोडा मात्र जाताना आठवणीने मागून घेतला.