थ्रीडी व्ह्यू उजळवण्याचे खात्रीशीर उपाय

दिवाणखान्याचा रेंडर, म्हणजे संगणकाने बनवलेले चित्र, काळवंडून आला, तर सुज्ञ डिझायनरने कॅमेऱ्याच्या सेटिंगकडे चुकूनही वळू नये. आयएसओ १००, एफ/१६ आणि १/१०० सेकंद हे भर उन्हातल्या छायाचित्राचे आकडे घरातल्या दृश्यालाही तसेच चिकटून राहिले आहेत काय, किंवा खिडकीच्या काचेचे मटेरिअलच बाहेरचा उजेड अडवत आहे काय, असल्या चौकशीत उगाच वेळ जातो. त्यापेक्षा छताखाली एक अदृश्य दिवा टांगावा. तो पुरला नाही तर सोफ्यामागे दुसरा आणि टीव्ही युनिटसमोर तिसरा लावावा. एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रकाशाचा हिशेब जेम्स कजिया यांनी १९८६ साली एका समीकरणात मांडला आणि आजचे रेंडरर, म्हणजे चित्र बनवणारी सॉफ्टवेअर, तोच हिशेब इमानेइतबारे करत बसतात, पण आपल्या अदृश्य दिव्यांपुढे त्या बिचाऱ्या समीकरणाचे काय चालणार? सोफ्याच्या पायांखालची सावली नाहीशी होऊन तो जमिनीपासून चार बोटे वर तरंगू लागला, की प्रकाशयोजना पूर्ण झाली असे समजावे.

भिंतींचा पांढरा रंग अर्थातच थेट २५५ वर, म्हणजे कमाल आकड्यावर, न्यावा. चांगला पांढरा रंगसुद्धा पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० ते ८५ टक्केच परत देतो, हा त्या रंगाचा कंजूषपणा झाला. आपली भिंत घेतलेले सगळे परत करते, त्यामुळे ती कुठे संपते आणि पीओपीचे छत कुठे सुरू होते, हे ग्राहकाला कळण्याचे कारण उरत नाही.

प्रतिबिंबांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी सरळ वरून पाहिली तर जेमतेम ४-५ टक्के उजेड परतवते आणि नजर तिरपी होत जाईल तशी तिच्यातली प्रतिबिंबे ठळक होतात. हा बारकावा सॉफ्टवेअरमधल्या फ्रेनेल नावाच्या एका चौकटीतली खूण काढून कायमचा मिटवता येतो. रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, शून्यावर ठेवला, की सोफ्याची खालची बाजू, जी गिऱ्हाईक आयुष्यात कधी पाहणार नाही, तीही फरशीत स्वच्छ दिसते.

स्वयंपाकघरातला क्रोमचा नळ काळाकुट्ट दिसण्याची तक्रार नेहमी ऐकू येते. कॅमेरा ठेवायला जागा हवी म्हणून चौथी भिंत आपणच काढून टाकलेली असते, तिच्या पलीकडे आकाश नसते की एचडीआरआय, म्हणजे भोवतालचा उजेड पुरवणारे चित्र, नसते, आणि नळ तेवढाच अंधार प्रामाणिकपणे दाखवतो. अशा वेळी नळाला फिकट राखाडी रंग द्यावा. पुढे प्रत्यक्ष नळ बसवताना प्लंबर काय म्हणेल, याची चिंता प्लंबरने करावी.

भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून उजेडाची रेघ झिरपत असेल, तर भिंतीला जाडी देण्याच्या भानगडीत पडू नये. ती स्कर्टिंगमधली एलईडी पट्टी असल्याचे सांगावे आणि कोटेशनमध्ये लावून घ्यावी. छोट्या, प्रखर दिव्यांमुळे चित्रभर पांढरे ठिपके उडाले असतील, तर डिनॉइझर, म्हणजे ठिपके पुसणारे साधन, पूर्ण ताकदीने चालवावा. ठिपक्यांबरोबर लॅमिनेटवरच्या लाकडाच्या रेषाही पुसल्या जातात, पण त्याला मॅट फिनिश म्हणण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

सूर्याची दिशा हा प्रश्न तर सर्वांत सोपा. पुण्यात डिसेंबर महिन्यात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, परंतु सोनेरी कवडसे जिथे शोभतात तिथेच पाडावेत. देवघर ईशान्येलाच हवे म्हणून होकायंत्र घेऊन रिकामा फ्लॅट फिरलेला गिऱ्हाईकसुद्धा चित्रातले ऊन कुठून आले, हे विचारत नाही. तो फक्त पडद्यांचा रंग बदलून मागतो.