छत्री पुढे, यात्रेकरू मागे

रोमला जाऊन काय पाहिलंस, असं कुणी विचारलं तर माझं प्रामाणिक उत्तर एकच आहे: एक पिवळी छत्री. जुलैच्या रणरणत्या उन्हातही ती मिटलेलीच असायची आणि कायम माझ्यापासून चाळीस माणसं पुढे. तिच्या खाली आमच्या गाईडबाई असणार, असं गृहीत धरून मी चार दिवस चाललो.

साल होतं २०२५, म्हणजे ज्युबिलीचं, कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाचं. १३०० साली आठव्या बोनिफेस पोपनी हा प्रघात पाडला. आता साधारण दर पंचवीस वर्षांनी ज्युबिली येते आणि रोमच्या चार मोठ्या बॅसिलिकांमधली, म्हणजे मुख्य चर्चांमधली, पवित्र द्वारं यात्रेकरूंसाठी उघडतात. एरवी ती बंद. पुढच्या खेपेला माझे गुडघे साथ देतील की नाही, याची खात्री नसल्यामुळे आम्ही पैसे भरले. संत फिलिप नेरी सोळाव्या शतकात सात चर्चांची फेरी लोकांना घेऊन पायी करायचे, वाटेत थांबून जेवू घालायचे. आम्ही चार चर्चं एसी बसने करणार होतो, आणि जेवणाची वेळ रोज ‘पुढच्या चर्चनंतर’ होती.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. संत पेत्राच्या बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. मी थ्री-फोर्थमध्ये.

“सांगितलं होतं ना, फुल पँट घाला म्हणून?” ही म्हणाली आणि स्वतःची ओढणी काढून तिने माझ्या कमरेला लुंगीसारखी गुंडाळली. ओढणी मोरपंखी होती. तेवढ्यात आमच्या फादरांनी गटाकडे नजर टाकली आणि सर्वांत उंच म्हणून लाकडी क्रूस माझ्या हातात दिला. नोंदणी केलेले गट हा क्रूस पुढे धरून, प्रार्थना म्हणत, सरळ रस्त्याने पवित्र द्वारापर्यंत चालत जायचे. मोठा मान. दोन्ही हातांनी क्रूस धरायचा, म्हणजे ओढणी धरायला हात उरत नाही. जगभरचे भाविक त्या रस्त्यावर आपापल्या पापांचा विचार करत चालले होते. मी गाठीचा विचार करत होतो. सबंध यात्रेत छत्रीच्या पुढे मी होतो तो एवढाच अर्धा तास, आणि त्यातही मागून आमच्या गटातल्या मावशी दर दहा पावलांनी सांगत होत्या, “भाऊ, सुटतेय हं!”

गाठ टिकली. द्वार ओलांडलं, वेदीपाशी प्रार्थना झाली. क्रूस परत करून येतो, तर छत्री गायब.

आता या हेडफोनबद्दल सांगायला हवं. प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी, एका कानात बोंडूक. बाई पुढे कुजबुजतात, आपल्याला मागे ऐकू येतं. सोय उत्तम आहे, फक्त तुम्ही बाईंच्या जवळ असायला हवं. मी नेहमीच अंतर राखून असल्यामुळे माझ्या कानात पुढच्या वस्तूचं वर्णन आणि डोळ्यांपुढे मागची वस्तू, असा संसार सुरू झाला. दाराजवळ उजव्या हाताला गर्दी दिसली म्हणून घुसलो. समोर मायकलअँजेलोचा ‘पिएता’: मांडीवर निष्प्राण पुत्र घेतलेली मरियामाता. खरोखर शब्द फुटेना. आणि कानात खरखरीतून आवाज आला, “...पायाला हात लावा, शतकानुशतकं लोक हात लावत आलेत, बोटं पार झिजलीत.” मी पाहिलं, तर मध्ये भलीमोठी काच. १९७२ साली एकाने या मूर्तीवर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड आहे, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मी आज्ञाधारकपणे काचेला कुठून वळसा घालता येईल ते शोधू लागलो. कमरेला मोरपंखी ओढणी. रखवालदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला भाषांतर लागत नाही. बाई बोलत होत्या ते पार पुढे, वेदीजवळ असलेल्या संत पेत्राच्या ब्राँझच्या पुतळ्याबद्दल. मी तिथे पोचलो तेव्हा कानात ‘बाहेर पडताना स्वच्छतागृह डावीकडे’ चाललं होतं.

सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेत हेच. डोळ्यांपुढे पोप फ्रान्सिस यांचं थडगं, दगडावर ‘फ्रान्सिस्कुस’ एवढाच शब्द. ना पदवी, ना बिरुद. थांबावंसं वाटत होतं. पण रांग मागून ढकलत होती आणि कानात भर उन्हाळ्यात बर्फ पडत होता. ५ ऑगस्टला तिथे हिमवर्षावाच्या आख्यायिकेची आठवण म्हणून छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात, असं नंतर कळलं.

संत पॉलच्या बॅसिलिकेत मात्र मावशींमुळे करमणूक झाली. १८२३च्या आगीत ही जुनी बॅसिलिका जळाली आणि पुन्हा उभी केली. आत भिंतींवर ओळीने सगळ्या पोपांची गोल चित्रं आहेत. गोल भरले की जगाचा अंत, अशी लोककथा. बाकीचे पोप मोजत होते, मावशींनी रिकामे गोल मोजले आणि समाधानाने म्हणाल्या, “आहेत पुष्कळ. नातवाचं लग्न होऊन जाईल.”

शेवटचा दिवस पवित्र जिन्याचा. लॅटरन बॅसिलिकेसमोर अठ्ठावीस संगमरवरी पायऱ्या. येशूला रोमन सुभेदार पिलातासमोर नेलं तेव्हा तो या पायऱ्या चढला आणि सम्राट कॉन्स्टंटाइनची आई संत हेलेना हिने त्या यरुशलेमहून आणवल्या, अशी परंपरा सांगते. त्यावर १७२३ पासून अक्रोडाच्या लाकडाचं आवरण आहे. चढायचं ते गुडघ्यांवरच. पायी जाणाऱ्यांना बाजूला वेगळे जिने आहेत, आणि गाईडबाई छत्रीसकट तिकडूनच गेल्या. मी त्या बाजूच्या जिन्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघे टेकले.

अक्रोड खायला मऊ असतो, एवढंच सांगतो. पाचव्या पायरीला लक्षात आलं की इथे मागे पडताच येत नाही. खालून वरपर्यंत जिना भरलेला. पुढचा सरकला की आपण सरकायचं. माझ्या नाकासमोर एका यात्रेकरूच्या नव्या बुटांचे तळवे होते आणि डाव्या तळव्यावर २९ युरोचा स्टिकर तसाच चिकटलेला. दर पायरीला एक प्रार्थना म्हणायची. मी पहिल्या नऊ नीट म्हटल्या. दहावीपासून स्टिकर वाचला. पंधरावीला मांडीत वांब आला, तेव्हा जी प्रार्थना तोंडातून निघाली तीत एकही शब्द पाठ केलेला नव्हता. मावशी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, कधीच्या वर पोचून जपमाळ पिशवीत ठेवत होत्या.

अठ्ठाविसावी पायरी आली. मी कठडा धरला, उठलो, आणि गुडघ्यांखाली काही आहे याची जाणीवच नसल्यामुळे सरळ तिथेच फरशीवर बसलो. कानातलं बोंडूक काढायचं राहून गेलं होतं. त्यातून बाईंचा स्वच्छ, खरखर नसलेला, अगदी जवळचा आवाज आला, “उठताना सावकाश. पाय बधिर होतात.”

मान वर केली. दोन हातांवर पिवळी छत्री.