"तेवढं बसवा की, मॅडम"

काल १५ सप्टेंबर २०२५, आयकर रिटर्नची शेवटची तारीख. दुपारपासून पोर्टल नुसतं गोल गोल फिरतंय, माझ्याकडं अजून नऊ रिटर्न बाकी, आणि संध्याकाळी सव्वासातला आमचे एक ठेकेदार बंधू आले. लग्नाच्या बस्त्याची फुगलेली पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं बसवा की कुठंतरी."

बसवा! इतकी वर्षं सांगलीत हे काम करतेय आणि या एका शब्दानं माझं डोकं फिरतं. डिझेल बसवा, गाडीचा हप्ता बसवा, पोरीचा क्लास बसवा. अहो, खर्च बसवायचा नसतो. तो धंद्यासाठी झालेला असतो, नाहीतर झालेला नसतो.

पिशवीतून काय निघालं? मुलीच्या साखरपुड्याच्या मंडपाचं बिल. फ्रीज. बावीस मटण थाळ्या. बायकोच्या नावावरच्या गाडीचा विमा. पंपावरच्या छापील चिठ्ठ्या, ज्यांच्यावरचं अक्षर उडून नुसता गुळगुळीत पांढरा कागद उरलाय. आणि रबर लावलेला डिझेलच्या पावत्यांचा एक गठ्ठा. तो मी उलगडला. नंबर ४५१ ते ४७८, सलग. तारखा एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत. सगळ्या एकाच निळ्या पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या. नऊ महिने त्या पंपावर यांच्याशिवाय कुणाचीच गाडी आली नाही का? कोरं पुस्तक कुठनं आणलं म्हणून विचारलं, तर तोंड वर करून उत्तर, "सगळेच आणतात."

आणि हे सगळं कशासाठी? यांची उलाढाल १ कोटी ४० लाख. गटारं, रस्ते, शाळेच्या खोल्या, सगळे पैसे बँकेतून आलेले. रिटर्न कलम ४४एडीखाली, म्हणजे खर्चाचा एकेक हिशोब न मांडता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायचा. सहा टक्के धरले की नफा ८ लाख ४० हजार. हा नफा आहे, नफा! सिमेंट, खडी, मजुरी, डिझेल, घसारा सगळं जाऊन उरलेला. त्यातून परत डिझेल वजा कसं करू मी? एकदा खाल्लेली भाकरी ताटात परत येते का? वर हे सहा टक्के म्हणजे कमीत कमी. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. हे वाक्य मी उच्चारलं की समोरचा माणूस मोबाइल बघायला लागतो.

मग निघाला विम्याचा हप्ता, ४८ हजारांचा. "ऐंशी सी मध्ये बसवा." नव्या करप्रणालीत ८०सी, म्हणजे विमा-बचतीची वजावट, नाही, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू आहे. जुनी हवी तर धंदेवाल्यानं १०-आयईए फॉर्म मुदतीत भरायचा. ठीक आहे, म्हटलं समोर करून दाखवते. नऊ रिटर्न बाजूला ठेवून कॅल्क्युलेटरवर दोन्ही हिशोब केले. नवीन प्रणालीत कर, उपकरासकट ३५,३६०. जुनीत विमा वजा करूनसुद्धा ७३,७३६. दुपटीच्या वर! तरी म्हणतात, "पण मग हप्ता भरून फायदा काय झाला?" विमा कशासाठी काढतात हो? तुमच्या माघारी बायको-पोरांना पैसे मिळावेत म्हणून, का माझ्याकडून कर कापून घ्यायला?

खरा संताप तर पुढं आहे. बिलांतून एक टक्क्यानं आधीच कापून भरलेला कर, म्हणजे टीडीएस, आहे १ लाख ४० हजार. म्हणजे या माणसाला १,०४,६४० रुपये परत मिळणार आहेत. एक पै खोटी न दाखवता! आणि याला राग कशाचा? शेजारच्याला "पूर्ण" परत मिळाले. अहो, त्याची उलाढाल १ कोटी १० लाख असेल तर सहा टक्क्यांनी नफा ६ लाख ६० हजार झाला. गेल्या वर्षासाठी सात लाखांच्या आत कर माफ होता, म्हणून त्याचा कर शून्य. तर लगेच, "मग बारा लाखांपर्यंत माफ झालंय की बजेटमध्ये!" ते एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. त्याचं रिटर्न पुढच्या वर्षी. फेब्रुवारीपासून हे मी इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगेन.

हे डोक्यात भरवतं कोण? ते एजंट. "शंभर टक्के रिफंड, रिफंडातले दहा टक्के आमचे." राजकीय पक्षाला देणगी दाखवायची, आजारपण दाखवायचं, घ्यायचे पैसे आणि व्हायचं पसार. या जुलैमध्ये अशाच खोट्या वजावटींसाठी आयकर खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी तपास केला. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड. नोटीस त्या एजंटाला येत नाही, पॅन ज्याचा त्याला येते. आणि मग तो माणूस रडवेला होऊन माझ्याच दारात उभा राहतो, कारण एजंटाचा फोन लागत नसतो.

बँकेच्या कर्जाचंही सांगतेच, आता निघालंच आहे तर. तीन वर्षं भांडून भांडून उत्पन्न कमी दाखवायला लावायचं, आणि विश्रामबागेत फ्लॅट बघितला की, "मॅडम, रिटर्न जरा मोठे करून द्या, मागच्या तारखेचे."

मला ठेकेदारांबद्दल आकस नाही. यांची बिलं महिनोन् महिने अडकतात, सोनं गहाण ठेवून मजुरांचे पैसे भागवतात, हे मी डोळ्यांनी बघते. म्हणूनच जास्त चीड येते. गेल्या वर्षी एकांची उलाढाल ४४एडीची मर्यादा ओलांडून गेली, ऑडिट लागलं. दर शनिवारी मजुरांना रोख पगार दिलेला, अगदी खरा, घामाचा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या आत रोख दिले तर कायदा अडवत नाही. फक्त मस्टर पाहिजे होतं. नाव, हजेरी, रक्कम, अंगठा. चाळीस रुपयांचं एक रजिस्टर! ते नव्हतं. अकरा लाखांच्या मजुरीपुढं दाखवायला एक कागद नाही, आणि त्याच माणसानं साडीच्या दुकानाचं बिल मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेलं.

काल रात्री शेवटी मी पिशवी टेबलाखाली ठेवली आणि त्यांना घरी पाठवलं. मध्यरात्रीच्या सुमारास मुदत एक दिवसानं वाढल्याची बातमी आली. आज सकाळी पावणेसातला फोन. मला वाटलं, ओटीपी सांगायला केला असेल.

"मॅडम, एक दिवस वाढवून दिलाय न्हवं? आता निवांत बसवा की सगळं."

नाही बसवणार. रिटर्न तयार आहे. नफा ८ लाख ४० हजार, कर ३५,३६०, परतावा १,०४,६४०. ओटीपी सांगा, पाच मिनिटांत जाईल. आणि येताना त्या ४५१ ते ४७८ घेऊन जा. माझ्या ऑफिसात मला त्या नकोत.