सबबींचा दुष्काळ

सबबी सांगायला खान्देश फार गैरसोयीचा मुलूख आहे. ‘नोकरीमुळे लिहिणं होत नाही’ असं इतरत्र कुणी म्हटलं, तर लोक हळहळत असतील. आमच्याकडे लगेच आसोद्याच्या बहिणाबाई निघतात. शेतात राबल्या, अक्षरओळख नव्हती, तरी जात्यावर बसून ओव्या रचल्या! कबूल. पण त्या उतरवून घ्यायला सोपानदेवांसारखा मुलगा होता. माझे चिरंजीव किराण्याची यादीसुद्धा उतरवून घेत नाहीत.

बहिणाबाईंना चुकवावं तर अमळनेरला साने गुरुजी उभे. प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचं, वसतिगृह सांभाळायचं आणि वर मुलांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचं. दैनिक, बरं का! माझं साप्ताहिकाचंही जमेना. ‘श्यामची आई’ तर त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. लेखनाला एकांत लागतो याचा पुरावा म्हणून मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “मग आत जाण्यासारखं काहीतरी करा की.”

पहाटे लिहावं, तर तेव्हाच नळाला पाणी येतं. रात्री लिहावं, तर मे महिन्यात दिवसा पारा पंचेचाळीसकडे गेलेला असतो आणि कूलरसमोर वही धरली की पानं आपोआप उलटतात. हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत पार्टी. बामणोदचं वांगं, कळण्याची भाकरी. त्यानंतर ज्याला लेखन सुचतं तो माणूस मला संशयास्पद वाटतो.

उरला भुसावळ-जळगाव अपडाऊनचा प्रवास. आमच्या डब्यात पत्त्यांचा डाव ठरलेला, त्यात मी वही काढली म्हणजे अपशकुनच.

“काय लिही राह्यला भो?”

“कथा.”

“कोनाची?” शेजारचे आप्पा थेट वहीत डोकावले. “ही सुमन कोन? वहिनीले माहीत शे का?”

तेवढ्यात भादली आलं. सुमन ओढ्याकाठी उभी होती, तिला तशीच ठेवून मी वही मिटली. पण आपल्यात एक लिहिणारा आहे ही बातमी डबाभर झाली. दुसऱ्या दिवशी आप्पा कोरा कागद घेऊनच चढले. गल्लीतली गटार तुंबलेली, नगरपालिकेला अर्ज हवा होता. साचलेली सगळी प्रतिभा मी त्या गटारीत ओतली. डास, दुर्गंधी, शाळेत जाणारी लहानगी, वृद्ध मातोश्रींचा घसरलेला पाय. आप्पांच्या मातोश्री तेव्हा मुलीकडे धुळ्याला होत्या, पण मजकुराची तशी मागणी होती.

गटार साफ झाली! तेव्हापासून माझ्या लेखनात सातत्य आहे. पासबुकावरच्या नावातली चूक, विजेचं वाढीव बिल, सातबाऱ्यावरची नोंद. सुमन अजून ओढ्याकाठीच आहे. काल आप्पांचे साडू आले होते, त्यांच्याही गल्लीत गटार आहे. म्हणाले, “आप्पाले लिही देला तसाच द्या. फक्त आमची माय जित्ती नाही, तिच्या जागी सासू घाला.”