आधार कोणाचा कोणाला?

एका लेखात वाचलं की कादंबरीकाराने नाट्यनिर्मितीत उतरावं, एका कामाचा दुसऱ्याला आर्थिक आधार होतो. मी दोन्ही करतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ३०० रुपयांची कादंबरी, ५०० प्रतींची आवृत्ती, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर १५ हजार, तेही लिहायला अडीच वर्षं लागली असताना. एवढ्यात नाटकाच्या एका प्रयोगाचं थिएटरभाडं, जाहिरात, नटांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन), सेटचा टेम्पो यातलं काय काय भागेल? नाटक बंद पडलं तेव्हा बायकोच्या पगारावर घर चाललं. आधार म्हणायचा तर तो.

वेळेचं तर बोलूच नका. शनिवार-रविवारच्या तारखा मिळवायच्या, दुपारी बुकिंगच्या खिडकीवर प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, किती भरला ते बघायचं, त्यात नटाला मालिकेचं शूटिंग निघालं की फोनाफोनी. (मालिकावाल्यांशी भांडून उपयोग नसतो, हे शिकलो.) कादंबरीला सलग दिवस लागतात. मी लिहितो ते दौऱ्याच्या बसमध्ये, चिपळूण ते सावंतवाडी, मागच्या सीटवर, सगळे झोपल्यावर. निम्मं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

एक फायदा मात्र झाला. तिसऱ्या रांगेतला माणूस कुठे खोकायला लागतो ते कळल्यापासून माझी वर्णनं आखूड झाली आहेत.